पाव्हणं, कुठनं आलात?

वेबसाइटच्या मासिक रिपोर्टात एक तक्ता ठरलेला असतो: वाचक कुठून आले? इतके गुगलच्या शोधातून, इतके थेट पत्ता टाकून, इतके दुसऱ्या कुणाच्या पानावरच्या लिंकवरून. या शेवटच्या गटाला रेफरल म्हणतात. साइटवाल्याला सगळ्यात जास्त कौतुक याच गटाचं, कारण कुणीतरी आपली दखल घेतली याचा तो पुरावा वाटतो. पण त्याच तक्त्यात कधीकधी अशी नावं उगवतात, ज्यांचा आपल्याशी काडीचा संबंध नसतो. कुणी फुकट बटणं देऊ करतं, कुणी शोधात वर आणून देण्याची हमी देतं, कुणाच्या नावाचा अर्थच लागत नाही. आकडे मात्र भरघोस. हे बनावट रेफरल. त्यांचं कूळ शोधत मागे गेलं की आपण १९९६ सालच्या एका तांत्रिक दस्तऐवजापाशी पोचतो.

त्या वर्षीच्या मे महिन्यात 'आरएफसी १९४५' प्रसिद्ध झाला. टिम बर्नर्स-ली, रॉय फील्डिंग आणि हेन्रिक फ्रिस्टिक निल्सन यांनी त्यात एचटीटीपी या ब्राउझर-सर्व्हर संवादाच्या नियमांची १.० ही आवृत्ती नोंदवली. ब्राउझरने पान मागताना सर्व्हरला काय काय सांगायचं, याची त्यात यादी आहे. त्यातलं एक कलम म्हणजे रेफरर: आपण कुठल्या पानावरच्या लिंकवरून इथे आलो, हे ब्राउझरने सांगावं. कल्पना फिलिप हॅलम-बेकर यांची. इंग्रजी स्पेलिंगमधला एक 'आर' तेव्हाच गळाला आणि २०२२ च्या 'आरएफसी ९११०' पर्यंत तसाच गळलेला राहिला.

कलमाचा हेतू साधा होता. आपल्या पानाकडे कोण बोट दाखवतंय हे सर्व्हर सांभाळणाऱ्याला कळावं, आणि कुणी चुकीचा किंवा जुना पत्ता दिला असेल तर तो शोधून दुरुस्त करता यावा. पुढे एक इशाराही आहे. माणूस कुठून आला ही त्याची खाजगी बाब असू शकते, म्हणून ते सांगायचं की नाही हे ठरवण्याची मुभा त्याला असावी, अशी जोरदार शिफारस तिथे केली आहे. म्हणजे खरं सांगितल्याने वापरणाऱ्याचं काय नुकसान होईल, याचा विचार झाला होता. तो खोटं सांगेल आणि त्यात त्याचा फायदा असेल, ही शक्यता त्या कलमात नाही. गावात शिरलेल्या माणसाला पारावरची मंडळी विचारतात, "पाव्हणं, कुठनं आलात?" तो सांगेल ते गाव मान्य. वेबनेही नेमकं हेच केलं. फरक इतकाच की पारावर बसलेल्यांना निदान माणसाचा चेहरा दिसतो.

खोटं सांगणं अवघडही नव्हतं. 'कर्ल' या १९९८ पासून वापरात असलेल्या प्रोग्रॅममध्ये हवा तो रेफरर लिहून पाठवण्याची सोय आहे, कारण साइटची चाचणी घेताना त्याची खरोखर गरज पडते. एका ओळीची आज्ञा दिली की सर्व्हरच्या लेखी तुम्ही कुठूनही आलेले असता.

सर्व्हर हे बोलणं जपून ठेवत असे. एनसीएसएच्या सर्व्हरमध्ये रेफररची वेगळी लॉग फाइल असे. पुढे वेळ, आयपी पत्ता, मागितलेलं पान, रेफरर आणि ब्राउझरचं नाव हे सगळं एकाच ओळीत लिहिणारा 'कम्बाइन्ड' लॉग रुळला. या लाखो ओळी माणसाने वाचणं शक्य नव्हतं. म्हणून त्यांचे तक्ते करणारे प्रोग्रॅम आले: १९९५ मध्ये ॲनालॉग, १९९७ मध्ये वेबलायझर, नंतर एडब्ल्यूस्टॅट्स. ते दरमहा एक सुबक पान तयार करत आणि त्यात 'सर्वाधिक रेफरर' अशी यादी देत. नावांवर क्लिक करता यावं म्हणून ती नावं म्हणजे चालू लिंका असत.

इथे पहिली फट पडली. हे तक्ते बऱ्याच साइटवर उघड्यावर असत. कुणी मुद्दाम ठेवी, कुणाला कुलूप लावायचं सुचत नसे. २००० नंतर ब्लॉग लिहिणाऱ्यांनी तर 'आज आमच्याकडे कुठून वाचक आले' अशी यादी पानाच्या कडेला अभिमानाने लावायला सुरुवात केली. त्याच सुमारास गुगलने पानाची प्रतिष्ठा त्याच्याकडे येणाऱ्या लिंकांवरून मोजायची रीत रूढ केली होती. दोन्ही गोष्टी जुळल्या की हिशेब सोपा होता. जुगाराच्या, औषधांच्या, अश्लील चित्रांच्या साइट चालवणाऱ्यांनी हजारो सर्व्हरांना खोट्या रेफररच्या विनंत्या धाडल्या. त्यांचा पत्ता यादीत चढे, गुगलचा क्रॉलर, म्हणजे वेबवरची पानं वाचत फिरणारा प्रोग्रॅम, ती यादी वाची, आणि फुकटात एक लिंक पदरात पडे. या पहिल्या पिढीच्या स्पॅमचा वाचक माणूस नव्हताच. ते गुगलच्या यंत्राला उद्देशून लिहिलेलं होतं.

म्हणून पहिला मोठा उपायही तिथूनच आला. जानेवारी २००५ मध्ये गुगलने लिंकवर 'नोफॉलो' ही खूण लावायची पद्धत जाहीर केली. याहू आणि एमएसएन यांनीही ती मानली. खूण लावलेल्या लिंकची प्रतिष्ठा मोजली जात नसे. आज नोफॉलो म्हटलं की कॉमेंटमधला स्पॅम आठवतो, पण त्या घोषणेत खूण कुठे लावावी हे सांगताना रेफररच्या याद्यांचंही नाव घेतलं होतं. शहाण्या मंडळींनी त्याही पुढे जाऊन तक्ते पासवर्डमागे टाकले. शिवाय अपाचे सर्व्हरच्या 'एचटीअ‍ॅक्सेस' फाइलमध्ये चार ओळी लिहून ठरावीक नावं सांगणाऱ्या पाहुण्यांना दारातूनच परत पाठवण्याची युक्ती रूढ झाली. ही युक्ती लक्षात ठेवावी, कारण पुढे तिच्यावर नको तितका भरवसा टाकला गेला.

त्याच वर्षी जमिनीचा पोतच बदलला. गुगलने सॅन डिएगोची अर्चिन ही कंपनी घेतली आणि नोव्हेंबर २००५ मध्ये तिच्या पायावर गुगल ॲनालिटिक्स फुकट खुलं केलं. गर्दी इतकी झाली की काही दिवसांतच नवी नोंदणी थांबवावी लागली आणि ऑगस्ट २००६ मध्ये ती पुन्हा सर्वांना खुली झाली. जाहिरातीच्या लिंकांना आजही जी 'यूटीएम' शेपटी जोडतात, तिच्यातला 'यू' या अर्चिनचाच.

नवी रीत अशी: पानात जावास्क्रिप्टचा एक तुकडा ठेवायचा. वाचकाचा ब्राउझर तो चालवतो आणि भेटीची खबर परस्पर गुगलच्या सर्व्हरकडे धाडतो. आपल्या सर्व्हरच्या लॉगशी या हिशेबाचा संबंध उरला नाही. जुने स्पॅम-बॉट जावास्क्रिप्ट चालवतच नसत, त्यामुळे ते रिपोर्टातून आपोआप गळाले. शिवाय रिपोर्ट आता मालकाच्या लॉगिनमागे गेला, तेव्हा गुगलच्या क्रॉलरला तो दिसण्याचा प्रश्नच मिटला. स्पॅमचा धंदा इथेच बसायला हवा होता.

पण एक वाचक शिल्लक होता, तो म्हणजे खुद्द मालक. आपल्याकडे कोण बोट दाखवतंय हे बघायला तो उत्सुक असतो. अनोळखी नाव दिसलं की नवं टॅब उघडून तिथे जातो. हजारो मालकांमधल्या थोड्यांनी जरी असं केलं तरी त्या नावामागच्या दुकानाला गिऱ्हाईक मिळतं, किंवा पुढच्या खरेदीवर दलाली सुटते. दुसऱ्या पिढीचा स्पॅम या कुतूहलावर जगला.

त्याची पहिली शाखा क्रॉलरची. २०१४ च्या सुमारास जगभरच्या रिपोर्टांत 'सेमाल्ट' हे नाव दिसू लागलं. शोधात वर आणून देण्याची सेवा विकणारी ही युक्रेनमधली कंपनी. तिचे क्रॉलर खरोखर साइटवर येत आणि पानातली जावास्क्रिप्टही चालवत, म्हणून भेट मोजली जाई. 'बटन्स फॉर वेबसाइट' हे त्या काळातलं असंच दुसरं नाव. हे पाहुणे निदान उंबरठ्यापर्यंत येत होते, त्यामुळे एचटीअ‍ॅक्सेसची जुनी युक्ती त्यांच्यावर चाले.

दुसरी शाखा जास्त चमत्कारिक. गुगलने २०१२ च्या अखेरीस युनिव्हर्सल ॲनालिटिक्स जाहीर केलं आणि त्यासोबत मेझरमेंट प्रोटोकॉल आला. दुकानातलं बिलिंग मशीन, कॉल सेंटर, एखादं उपकरण, असं जे ब्राउझर नाही त्यालाही आपली नोंद ॲनालिटिक्समध्ये टाकता यावी, हा त्यामागचा विचार. त्यासाठी एका ठरावीक पत्त्यावर चार गोष्टी धाडल्या की पुरे: प्रोटोकॉलची आवृत्ती, खात्याचा क्रमांक, पाहुण्याची एक खूण आणि नोंदीचा प्रकार. पासवर्ड नाही, किल्ली नाही. रेफरर जोडायचा तर तोही आपणच लिहायचा. खात्याचे क्रमांक 'यूए' या अक्षरांनी सुरू होऊन पुढे निव्वळ आकडे. म्हणजे एक मोजता येणारी रांग होती. स्पॅमरने रांगेतला प्रत्येक आकडा घेऊन गुगलला खबर दिली, की या खात्याच्या साइटवर अमुक नावावरून कुणी आलं. कुणी कुठे आलेलं नव्हतं. साइट कुणाची, तिचा पत्ता काय, हेही स्पॅमरला ठाऊक नव्हतं.

या प्रकाराला वेबच्या आकडेवारीच्या धंद्यातले लोक घोस्ट स्पॅम म्हणू लागले. २०१४ च्या अखेरीपासून 'दारोदार डॉट कॉम', 'आय लव्ह विताली' अशी नावं रिपोर्टांत पसरली. पहिल्या नावाची गंमत मराठी वाचकाला वेगळी सांगायला नको. मोठ्या वृत्तपत्राच्या साइटवर ही भुतं जाणवलीही नाहीत. मार बसला तो छोट्यांना. समजा, एखाद्या प्रकाशकाच्या साइटवर दिवसाला चाळीस खरे वाचक येतात आणि तीस भुतं. त्याचा वाचक पावणेदोनपट झाल्यासारखा दिसतो, आणि एका पानावरून माघारी जाणाऱ्यांचं प्रमाण, म्हणजे बाउन्स रेट, असा चढतो की पुस्तकांची यादी वाचकांना आवडत नाही असं वाटावं. तो बिचारा मग पान बदलायला बसतो.

भूत ओळखायचं कसं? बाउन्स रेट शंभर टक्के, थांबण्याचा वेळ शून्य, सगळेच पाहुणे नवे, पडद्याचा आकार अज्ञात, आणि बहुतेकांनी पाहिलेलं पान एकच, मुखपृष्ठ. यातलं कुठलंही एक लक्षण खऱ्या माणसातही सापडतं. सगळी एकाच नावाखाली जमली की शंका घ्यावी. दुसरी रीत म्हणजे सर्व्हरचा लॉग उघडून बघणं. ॲनालिटिक्समध्ये एका नावावरून तीनशे भेटी आणि त्याच दिवसांच्या लॉगमध्ये त्या नावाची एकही ओळ नाही, तर भेट झालेलीच नाही. आणि ज्या नावाचा संशय आहे ते ब्राउझरमध्ये उघडून बघू नये. तेच तर त्याला हवं असतं. नाव अवतरणचिन्हांत घालून शोधलं तरी पुरेशी माहिती मिळते.

ओळखल्यावर काढायचं कसं, यात मात्र धंद्यातल्या लोकांनी बरीच वर्षं चाचपडत घालवली. पहिली धाव एचटीअ‍ॅक्सेसकडे. पण जो दारात आलाच नाही त्याला दारात अडवणार कसा? ती फाइल नावांनी भरत गेली आणि रिपोर्ट जसाच्या तसा राहिला. दुसरा प्रयोग नावं वगळणाऱ्या फिल्टरांचा. एका फिल्टरमध्ये २५५ अक्षरं मावत. नवी नावं सतत उगवत. फिल्टरांची रांग लांबत गेली. कुणी सुचवलं, की भुतं बहुधा 'वजा एक'ने संपणाऱ्या क्रमांकांवरच मारा करतात, तेव्हा खात्यात दुसरी प्रॉपर्टी काढून तिचा क्रमांक वापरा. काही काळ हेही चाललं.

तिसरा मार्ग दिसायला सगळ्यात सोपा आणि म्हणून सगळ्यात फसवा होता: 'रेफरल एक्सक्लूजन' ही यादी. नावावरून वाटतं, यात टाकलेलं नाव रिपोर्टातून जाईल. प्रत्यक्षात ती सोय वेगळ्याच कामाची आहे. खरेदी करताना गिऱ्हाईक पेमेंट गेटवेवर किंवा ओटीपीसाठी बँकेच्या पानावर जातं आणि परत येतं. त्या खरेदीचं श्रेय बँकेच्या साइटला मिळू नये म्हणून ती यादी. तिच्यात स्पॅमरचं नाव टाकलं तर भेट तशीच राहते, फक्त तिच्यावरची पाटी पुसली जाते आणि ती 'डायरेक्ट' म्हणून मोजली जाते. घाण खोलीतून निघत नाही, दिसायची तेवढी बंद होते. मग ती शोधणंही अशक्य.

उत्तर निघालं ते प्रश्न उलटा केल्यावर. पाहुण्याला 'कुठून आलात' विचारून उपयोग नाही, तो काहीही सांगेल. त्याला 'कुणाकडे आलात' असं विचारायचं. ॲनालिटिक्समधल्या प्रत्येक नोंदीसोबत होस्टनेम येतं, म्हणजे जावास्क्रिप्टचा तुकडा ज्या साइटवर चालला तिचा पत्ता. आकडे मोजत सुटलेल्या स्पॅमरला तो ठाऊक नसे. तो ती जागा रिकामी सोडी किंवा भलत्याच साइटचं नाव ठोकून देई. म्हणून फिल्टर वगळणारा नको, घेणारा हवा: माझ्या होस्टनेमवर झालेल्या नोंदी तेवढ्या घ्या, बाकीच्या सोडा. शेकडो नावांची यादी एका ओळीवर आली आणि उद्या उगवणारं नावही तिने आपोआप बाहेर ठेवलं.

ती ओळ लिहिण्याआधी मात्र आपली खरी होस्टनेम नीट गोळा करावी लागत. 'डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू'सकट आणि त्याशिवायचा पत्ता, खरेदीचं वेगळं उपडोमेन, आणि गुगल ट्रान्सलेटचाही पत्ता, कारण आपलं पान भाषांतर करून वाचणारा खरा वाचक तिथून मोजला जाई. एक सुटलं तर तितके वाचक रिपोर्टातून कायमचे गेले. म्हणून जाणकार नेहमी एक व्ह्यू, म्हणजे रिपोर्टाची एक वेगळी प्रत, बिनफिल्टरची ठेवत. फिल्टर लावल्या दिवसापासून पुढेच चाले, मागचा डेटा तो धूत नसे. जुन्या महिन्यांसाठी तोच नियम सेगमेंट म्हणून लावत, म्हणजे मूळ नोंदींना हात न लावता त्यांच्याकडे गाळून बघता येई.

स्पॅमरही गप्प बसले नाहीत. नोव्हेंबर २०१६ मध्ये, अमेरिकेच्या अध्यक्षीय निवडणुकीच्या दिवसांत, रिपोर्टांतल्या 'भाषा' या रकान्यात एक अख्खं वाक्य झळकलं: गुगलच्या एका गुप्त पत्त्याचं आमंत्रण आणि ट्रम्पना मत देण्याचा आग्रह. ब्राउझर जिथे 'एमआर-आयएन' असा भाषेचा कोड पाठवतो, तिथे रशियातल्या एका स्पॅमरने जाहिरात लिहिली होती. त्या पत्त्यातलं 'जी' हे अक्षरही नेहमीचं नव्हतं. ते उच्चारलेखनासाठी वापरतात ते छोट्या कॅपिटलच्या घाटाचं 'जी' होतं, त्यामुळे डोळ्यांना गुगल दिसे आणि क्लिक भलतीकडे जाई. 'लाइफहॅकर'च्या नावातही 'के'च्या जागी जुन्या ग्रीनलँडिक लेखनपद्धतीतलं एक अक्षर घातलेलं सापडलं. काही नोंदींत तर रेडिटसारख्या खऱ्या साइटचं नाव रेफरर म्हणून होतं, तेव्हा ते वगळलं तर खरे वाचकही गेले असते. इथे तोड साधी निघाली. भाषेचा कोड आखूड असतो. त्या रकान्यात पंधरा किंवा त्याहून जास्त अक्षरं, नाहीतर टिंब दिसलं की नोंद बाद.

उपाय सामायिक करण्याचे प्रयत्नही याच काळातले. गुगलने जुलै २०१४ मध्ये ओळखीचे बॉट वगळण्याची एक चौकट दिली. पण ओळखपाळख सांगून येणाऱ्या बॉटांपुरतीच ती कामाची. पिविक या मुक्त प्रणालीच्या मंडळींनी, जिचं नाव २०१८ पासून मटोमो आहे, २०१५ मध्ये स्पॅमरांच्या नावांची खुली यादी सुरू केली. कुणीही तिच्यात भर घालावी, कुणीही ती वापरावी.

२०२१ च्या सुरुवातीला 'ट्रॅफिकबॉट' नावांची लाट आली. तिचा माल काय, तर साइटला बनावट भेटी विकणं; आणि जाहिरात कशी, तर बनावट भेटींनी.

तोवर गुगल ॲनालिटिक्स ४ आलं होतं. जुनी प्रणाली १ जुलै २०२३ पासून सर्वसाधारण खात्यांसाठी बंद झाली. नव्या मेझरमेंट प्रोटोकॉलला गुप्त किल्ली लागते आणि खात्याचा क्रमांक आता मोजता येणारी रांग नाही, तो अक्षर-आकड्यांची सरमिसळ आहे. ही सुधारणा खरी. पण ब्राउझर ज्या वाटेने खबर धाडतो तिला किल्ली लावता येत नाही, कारण पानात ठेवलेली किल्ली पान उघडणाऱ्या प्रत्येकाला दिसते. २०२४ च्या सुरुवातीला 'न्यूज डॉट ग्रेट्स डॉट स्टोअर' हे नाव असंख्य रिपोर्टांत उगवलं, तेव्हा वाट मोकळीच आहे हे कळलं. क्रमांकाचा अंदाज करता येत नसला तरी पानांच्या सोर्समधून तो वेचता येतो. आणि जो तिथून वेचतो त्याला होस्टनेमही आयतं मिळतं, म्हणजे 'कुणाकडे आलात' हा जुना हुकमी प्रश्न आता एकटा पुरत नाही.

शिवाय नव्या प्रणालीत होस्टनेमचा तसा फिल्टरच उरला नाही. डेटा फिल्टर आहेत ते आपल्या कार्यालयातली आणि चाचणीची वर्दळ वगळण्यापुरते. 'नको असलेले रेफरल' ही यादी आहे, पण ती जुन्याच कुळातली: पाटी पुसते, भेट ठेवते. त्यामुळे सफाई आता रिपोर्ट वाचण्याच्या टप्प्यावर आली आहे. एक्सप्लोरेशनमध्ये सेगमेंट करून संशयित नावं वगळायची, किंवा कच्चा डेटा गुगलच्या बिगक्वेरी या डेटा-कोठारात उतरवून तिथे गाळायचा. पारखताना रेफररशेजारी होस्टनेम, शहर, थांबण्याचा वेळ आणि भेटीतून काही घडलं का, म्हणजे खरेदी, अर्ज, डाउनलोड, हे एकत्र ठेवायचं. एका भलत्याच शहरातून एका रात्रीत दोनशे जण आले आणि कुणी काहीच केलं नाही, तर निकाल लावायला त्या नावाची गरज पडत नाही.

या सगळ्या पिढ्यांत स्पॅमरांची हत्यारं बदलली, वाचक बदलला, रकाना बदलला. ज्यावर ते जगले ते बदललं नाही: रेफरर हे पाहुण्याचं निवेदन आहे, कुणी तपासलेली नोंद नाही. कुठल्याही फिल्टरने ते प्रमाणित होत नाही. फिल्टर फक्त आजूबाजूच्या खुणांवरून ठरवतो की बोलणाऱ्यावर विश्वास ठेवायचा की नाही. तो निर्णय माणसाचा असतो, म्हणून तो लिहून ठेवावा. कुठल्या तारखेपासून काय वगळलं, कोणत्या खुणेवरून, आणि त्याने किती भेटी कमी झाल्या, एवढं रिपोर्टाच्या तळाशी दर महिन्याला असावं. वर्षभराने कुणी विचारलं की मार्चमध्ये वाचक अर्ध्यावर का आले, तर त्या तीन ओळी दाखवता येतात, आणि मार्चच्या आधीचे आकडे कुठल्या ताजव्यात तोलायचे तेही त्यांतूनच कळतं.